सहहिस्सेदारांची मुंबई

दादरला उतरलो तेव्हा नुकतं उजाडलं होतं. रात्रभर मांडीवर धरलेली प्लास्टिकची फाइल आतून दमट झाली होती. फुलबाजारात झेंडूचे ढीग रस्त्यापर्यंत आले होते आणि माणसं ते ओलांडून पळत होती. मी कडेला उभा राहून फाइल उघडली, कागद आत आहे हे पाहिलं. चहाच्या टपरीवर पुन्हा पाहिलं.

कागद म्हणजे संमतीपत्र. आमच्या वरकस जमिनीवर (भात न पिकणारा डोंगरउतार) दगडी बांध घालून काजू लावायची सरकारी योजना आहे. दर पावसाळ्यात त्या उताराची माती ओढ्यात जाते, हे माझा थोरला भाऊ, दादा, मला कित्येक वर्षं सांगत होता. मी गावचं वाचनालय सांभाळतो. ऐकून मान हलवायचो. अर्ज त्यानंच केला. मंजुरीचं पत्र आलं ते त्याच्या तेराव्यानंतर. त्याला बायकोमुलं नव्हती, म्हणून वारस मी. सातबाऱ्यावर त्याचं नाव कंसात गेलं (कंस म्हणजे त्या माणसाचा हक्क संपला) आणि खाली माझं आलं. बाकीचे तीन सहहिस्सेदार मुंबईत. कृषी सहायकांनी बजावलं होतं, "सोमवारपर्यंत सगळ्यांच्या सह्या आणा. नाहीतर योजना यादीतल्या पुढच्या माणसाला जाईल." मी दादरला उतरलो तो शुक्रवार होता.

पहिला मुक्काम गिरगावात, अण्णांकडे. हे आमचे सर्वांत मोठे चुलतभाऊ, कचेरीत नोकरी करून निवृत्त झालेले. चाळीचा जिना तोच, पण कठडा नवा. अण्णांनी माझ्यासमोर थालीपीठ ठेवायला सांगितलं आणि कागद दोनदा वाचला.

"सरकारचा हात लागला की जमीन सरकारची होते रे, श्रीधर."

"तसं नाही अण्णा. बांध आपलेच राहतात. झाडं जगली का, ते फक्त बघायला येतात."

"बाळूनं केली सही?"

"अजून नाही."

"मग आधी त्याची आण. मी काय पळून चाललो नाही."

थालीपीठ चांगलं होतं. मी अर्धं टाकून उठलो.

बाळू डिलाईल रोडला राहतो. अण्णांचा सख्खा धाकटा भाऊ. लग्नाच्या पत्रिका छापतो. नमुन्याच्या पत्रिका खुर्चीवरून उचलून त्यानं मला बसवलं.

"दादा गेला ते खरंच वाटत नाही," तो म्हणाला. मग त्यानं कागद पाहिला. "अण्णाची कुठाय?"

"ते म्हणतात, आधी बाळूची."

"बघ, मोठ्याचा मान राखायला तोच शिकवतो आणि सहीच्या वेळी मी मोठा. नाही बाबा. उद्या काही झालं की म्हणेल, पहिली सही बाळ्याची. तू त्याची आण, माझ्या पेनाचं टोपण उघडंच आहे."

तिथून निघालो आणि चुकीच्या बसमध्ये चढलो. वरळीला समुद्र दिसला तेव्हा चूक कळली. माणसं भिंतीवर बसून वारा खात होती. मला बसवेना. दादा मुंबईला आला की एका दिवसात सगळी घरं करून परतायचा. तो नेमकं काय बोलायचा, हे मी कधी विचारलंच नव्हतं.

लालबागला वत्सलावहिनींच्या दाराला कुलूप होतं. शेजारणीनं मिरचीच्या गल्लीकडे बोट दाखवलं. तिथे मसाला कांडायला आलेल्या बायकांची रांग होती आणि रांगेत वहिनी, भाजलेल्या मिरच्यांच्या डब्यावर बसलेल्या. त्यांचे यजमान, म्हणजे आमचे आणखी एक चुलतभाऊ, गेल्यापासून तो हिस्सा त्यांच्या नावावर आहे. मी शिंकत शिंकत सगळं सांगितलं. त्यांनी कागद लांब धरून वाचला.

"भावजी, सगळ्यांच्यो सह्यो मागतास, तुमची खंय आसा?" (तुमची कुठे आहे?)

पहिली ओळ माझ्या नावाची होती आणि रिकामी होती. मी म्हणालो, "मोठ्यांच्या आधी कशी करायची? म्हणून ठेवलीय."

"मोठ्यांच्या आधी? की दादांच्या जागेवर करवत नाही?"

रांग एका डब्यानं पुढे सरकली.

"तुम्हीच हात आखडता घेतलात तर अण्णा भिणारच ना. माझे हे गेले तेव्हा रेशनकार्डावरचं नाव काढायला मी पण गेले नव्हते. सहा महिने त्यांच्या नावाचं धान्य घरी आणत होते. करा सही. माझा नंबर येईल आता."

त्यांच्या डब्याच्या झाकणावर कागद ठेवून मी सही केली. खाली त्यांनी केली, संपूर्ण नाव लिहून, सावकाश.

संध्याकाळी बाळूनं दोन सह्या पाहिल्या आणि तिसरी ठोकली. "वहिनीनं केली म्हणून हो. तुमच्यावर नाही विश्वास, पुस्तकवाल्यांवर."

शनिवारी सकाळी पुन्हा गिरगाव. अण्णा या वेळी योजनेबद्दल काही बोलले नाहीत.

"दादा होता तेव्हा विचारायची गरज नव्हती," ते म्हणाले. "आता झाडांना पाणी कोण घालणार? दगड कोण रचून घेणार?"

"मी."

"तुला कुदळ कुठून धरतात ते तरी ठाऊक आहे का रे?"

"शिकेन."

ते हसले नाहीत. चष्मा पुसला आणि सही केली. मग थालीपीठ पुढे केलं, आणि मी उठेन म्हणून ताटलीला हात लावून बसले.

सोमवारी कागद कचेरीत दिला. दोन दिवस मुंबईत फिरताना मनात एकच होतं, की सह्या पूर्ण झाल्या की दादाचं काम संपेल आणि मला स्वस्थ बसता येईल. बुधवारी कृषी सहायक उतार मोजायला आले. सोबत अर्जदार म्हणून माझंच नाव लिहिलेला कागद होता. टेपचं एक टोक त्यांनी माझ्या हातात दिलं. उतारावर माती इतकी सुटी होती की पाऊल ठरत नव्हतं. इथे दादा रोज कसा चढत असेल, असं वाटलं.

मी थांबून खाली पाहिलं.

"अजून वर," ते म्हणाले.

मी चढू लागलो.