पाठ फिरवा जी

"पाठ फिरवा जी."

नारायण पेठेतल्या त्या चिमुकल्या दुकानात गिटार घ्यायला गेलेल्या प्रत्येकाचं स्वागत या तीन शब्दांनी व्हायचं. दुकानदाराने गिऱ्हाइकाकडे पाठ फिरवावी, याची तुम्हा-आम्हाला सवय आहे. इथे गिऱ्हाइकानेच पाठ फिरवायची. भिंतीकडे तोंड करून स्टुलावर बसायचं. मागे दुकानदार काका एकेक गिटार उचलणार, प्रत्येकीवर तेच चार सूर वाजवणार आणि शेवटी विचारणार, "कितवी?" नाव, रंग, किंमत हे सगळं नंतर.

"डोळ्यानं घेतलेली गिटार सहा महिन्यांत कपाटावर जाते जी," असं त्यांचं म्हणणं.

काका मूळचे यवतमाळकडचे. तीस वर्षं पुण्यात काढून त्यांनी पुण्याकडून एकच गोष्ट उचलली होती, दुपारी एक ते चार शटर खाली. 'जी' मात्र शेवटपर्यंत सोडला नाही.

मी पहिल्यांदा गेलो तेव्हा इंजिनिअरिंगला होतो. माझ्याकडच्या गिटारीच्या तारा बोटं दाबायच्या पट्टीपासून इतक्या उंच होत्या की खालून मांजर सहज गेलं असतं. बाहेरून आलेली एखादी भारी गिटार घ्यायची, म्हणून घरून पैसे उकळून गेलो होतो. काकांनी मला भिंतीकडे बसवलं. समोर त्यांच्या गावच्या देवीची तसबीर होती. चित्र उदबत्तीच्या धुराने इतकं काळं पडलेलं की देवीचे फक्त चांदीचे डोळे दिसत. उरलेल्या काचेत अख्खं दुकान दिसत होतं.

मी पाहिलं. चौथी गिटार उचलली तेव्हा तिच्या डोक्यावरचं परदेशी सोनेरी नाव काचेत उलटं, पण लख्ख दिसलं.

"चौथी," मी म्हणालो, आणि वर एक जाणकार उसासा सोडला.

काकांनी गिटार खाली ठेवली. मग हसले. "बरं जी."

त्या 'बरं जी'ला मी कौतुक समजलो. झालं! माझ्या सोन्याच्या कानाची कीर्ती मी स्वतःच गावभर पसरवली. पुढे नोकरी लागल्यावर सांगायचो, खराडीच्या ऑफिसात बाराव्या मजल्यावर बसून, लिफ्ट कुठल्या मजल्यावर थांबली ते मी तिच्या सुरावरून सांगतो. नळाला खडकवासल्याचं पाणी आलं की ते कुठल्या पट्टीत वाहतंय ते मला कळतं. लोक हसत, पण अर्धाअधिक विश्वास ठेवत. मग मीही ठेवायला लागलो.

पुढच्या बारा-पंधरा वर्षांत मी त्या स्टुलावरून पाच गिटारी घेतल्या. पाचही देवीच्या काचेतून. मध्ये गिटारचा आवाज बदलणाऱ्या पेडलचं वेड लागलं. पायाखाली इतकी पेडलं झाली की मी गिटार वाजवतोय की शिलाई मशीन चालवतोय, असं बघणाऱ्याला वाटावं. ती सगळी एकदा दुकानात मांडून दाखवली. काकांनी पाच मिनिटं ऐकलं आणि विचारलं, "आवाज लपवायचा आहे का जी?"

मी मोठ्याने हसलो. मला काहीही झोंबलं की मी मोठ्याने हसतो.

आता त्या दिवसाकडे येतो. तो टाळता आला असता तर आणखी दोन लिफ्टच्या थापा मारल्या असत्या.

शनिवार होता. मला काहीही घ्यायचं नव्हतं, नुसता टेकायला गेलो होतो. काकांनीच स्टूल पुढे केलं. "पाठ फिरवा जी. आज जरा मन लावून आयका."

पहिली वाजली. दुसरी वाजली. तिसरीचा पहिला सूर आला आणि माझ्या हातावर काटा आला. ही थाप नाही. तो आवाज तारेतून येतच नव्हता, लाकडाला काही आठवावं तसा आतून येत होता. चार सूर संपले तरी तो कानात बसूनच राहिला. मग माझी नजर काचेवर गेली. काकांच्या मांडीवर एक फिकट, पॉलिशही न केलेली गिटार होती. डोक्यावर नाव नाही. डोकं कोरं.

चौथी आणि पाचवी वाजली. पाचवीवर सोनेरी नाव होतं.

"कितवी?"

"पाचवी!"

"आणि तिसरी?"

इथे थांबता आलं असतं. पण माझी जीभ! "तिसरी? ती गिटार नाही काका, खोकं आहे. बंबात घाला."

आणि मी हसलो.

"बरं जी," काका म्हणाले.

महिन्याभराने गेलो तर काउंटरवर एक नवी लाकडी पेटी होती. सुटे स्क्रू, जुन्या खुंट्या, तारांची टोकं ठेवायला. तिच्या झाकणाला मधोमध गोल भोक होतं. ते भोक मी ओळखलं.

"काका, ही..."

"तीच जी. घरचीच होती, माझ्या हातची. दीड वर्ष लागलं, दुपारी एक ते चार." मग एका पोराच्या गिटारीची तार पिळता पिळता म्हणाले, "बंब नाही माझ्याकडे. मंग खोकंच केलं."

तेव्हा खरं सांगायला हवं होतं. मी तारांचा एक सेट विकत घेतला आणि निघून आलो. त्यानंतर गिटारी, पेडलं, पट्टे, सगळं मोबाइलवरून मागवू लागलो. सहा वर्षं. लोकांना सांगायचो, पेठेत पार्किंग मिळत नाही.

परवा कळलं की काका दुकान बंद करून गावी चाललेत. गेलो. भिंती रिकाम्या होत्या. काका देवीची तसबीर वर्तमानपत्रात गुंडाळत होते.

"काका, मला एक सांगायचंय. ती काच..."

"हो जी. काचेत दोन्हीकडून दिसतं." त्यांनी सुतळीची गाठ मारली. "मला तुमचे डोळे दिसायचे. पहिल्या दिवसापासून."

"मग मलाच कशाला बसवलंत त्या दिवशी?"

"तोंडाचं काय खरं जी? म्हटलं, डोळे बघू." त्यांनी काउंटरवरची पेटी पुढे ओढली. "तिसरीला तुम्ही डोळे मिटले होते."

मला हसता आलं नाही.

"मंग उघडले," काका म्हणाले, आणि स्क्रू ओतून ती पेटी त्यांनी माझ्या हातात दिली. "न्या. पेडलच्या वायरी ठेवा."

पेटी घरी आणली. आत काही ठेवलेलं नाही. काल बायकोला म्हटलं, माझ्या मागे उभी राहा आणि हिच्यावर टिचकी मार.

"भिंतीकडे तोंड करून काय बसलाय?" ती म्हणाली. "आणि इथला आरसा कुठे गेला?"

"काढून ठेवलाय. मार तू."

तिने टिचकी मारली. मी डोळे मिटले, आणि आवाज संपला तरी उघडले नाहीत.