सिगारची टोपी

दत्ताकाका गेल्याचा फोन आला तेव्हा मी चितेगावला, कंपनीत होते. "तुझे काका गेले," एवढंच काकू म्हणाली.

काका म्हणजे माझ्या वडिलांचे धाकटे भाऊ. आयुष्यभर वेरूळची लेणी परदेशी पाहुण्यांना दाखवत फिरले. खर्जातला आवाज, कैलास लेण्याच्या अंगणात घुमायचा. एका फ्रेंच म्हाताऱ्यानं त्यांना सिगारची गोडी लावली. तेव्हापासून पर्यटकांचा मोसम सरला की संभाजीनगरच्या घराच्या गच्चीवर बसून एक सिगार ओढायची, हा त्यांचा शौक. पुढं घशात गाठ निघाली. डॉक्टरांनी स्वरयंत्रच काढायचं ठरवलं.

दवाखान्यात दाखल व्हायच्या आदल्या दुपारी त्यांनी मला गच्चीवर बोलावलं. हातात उरलेली एक सिगार आणि ती कापायचा छोटा कटर. दोनदा पातं लावून पाहिलं, पण नीट बसेना. "माझ्यानं व्हत नाय. तू काप." डॉक्टरांची सक्त मनाई होती आणि खाली काकू बॅग भरत होती. मी नाही म्हणाले. ते रागावले नाहीत, त्यांनी कटर माझ्यापुढं धरला. शेवटी मी कटर घेतला. बसक्या आवाजात, थांबत थांबत ते सांगू लागले. सिगारच्या बंद तोंडावर पानाची गोल टोपी चिकटवलेली असते, तिचं फक्त टोक उडवायचं. टोपी जिथं संपते त्या रेषेच्या खाली पातं गेलं, की वरचं पान उलगडत जातं. "आन् एकदाच दाबायचं. मधी थांबलीस की चुरगळतं." मी श्वास धरून दाबलं. टोपीचा चिमुकला तुकडा फरशीवर पडला. काकांनी सिगार न पेटवताच ओठांत धरून ओढून पाहिली. हवा मोकळी येत होती. मग त्यांनी खिशातून काडेपेटी काढून काडी हातात घेतली, आणि मला जिन्याच्या दारात काकू दिसली.

ती किती वेळ उभी होती कोण जाणे. काकांच्या हातातली काडी तशीच राहिली.

"पेटवायची तर पेटवा," ती म्हणाली. "पण उद्यापासून तुमचा आवाज मला ऐकायला मिळायचा नाय. आजचा तरी धुरात घालू नका."

काकांनी काडेपेटी खाली ठेवली. मग त्यांनी तिला जवळ बसवलं. इतक्या वर्षांच्या संसारात काकूनं पाहुण्यांना लेणी दाखवतानाचं त्यांचं बोलणं कधी ऐकलंच नव्हतं. त्या संध्याकाळी त्यांनी तिला अख्खं कैलास लेणं सांगितलं, डोंगर वरून खाली कसा कोरत आणला तिथपासून. आवाज फाटायचा, ती पाण्याचा पेला पुढं करायची, ते पुन्हा सुरू करायचे... पेटवायचं राहूनच गेलं.

ऑपरेशननंतर जे दिवस मिळाले त्यांत काका मुकेच होते. काही हवं असलं की चमच्यानं ताट वाजवायचे.

परवा काकूकडं गेले होते. भांडी घासताना माझ्या हातून चमचा ताटावर पडला. आतल्या खोलीतून लगेच आवाज आला, "आले हो." आणि पदराला हात पुसत काकू घाईघाईनं दारापर्यंत आली.