कलेक्टरचा वंश

कलेक्टर ट्रकमधून उतरला त्या दिवशी गुरुग्रामच्या अर्ध्या काचेच्या इमारतींना तडे गेले, असं हरिदासराव ठोसर आजही शपथेवर सांगतात. फळी लावली तर स्वारी उतरायला तयार नाही. चौघांनी ओढलं, चौघेही फळीखाली. मग त्याने मान वर करून असा सूर लावला, की महामार्गावरच्या टोलनाक्याचा दांडा आपोआप वर गेला, कंपन्यांतल्या मीटिंगा चक्क वेळेवर संपल्या आणि मेट्रोत पेंगणारी माणसं भलत्याच स्टेशनावर उतरली. हरिदासराव धीर करून पुढे झाले. त्याने त्यांच्या हातातल्या डब्याचं झाकण नाकाने उडवलं, मेथीची भाजी संपवली, पोळ्या नापसंत केल्या आणि त्यांच्याकडे असं काही पाहिलं की हरिदासरावांच्या तोंडून निघून गेलं, "या साहेब, या." त्यासरशी तो राजीखुशीने खाली उतरला. साहेब म्हटल्याशिवाय हलत नाही, म्हणून त्याचं नाव कलेक्टर पडलं.

कलेक्टर जामनगरकडचा, हलारी जातीचा गाढव. रंगाने पांढराशुभ्र आणि उंचीने ऐटबाज. ही जात कमी होत चाललेली, म्हणून त्याला दिल्लीजवळच्या एका पशुप्रजनन केंद्रात आणलं होतं. त्याचं वीर्य गोठवून साठवायचं आणि त्याच्याच जातीच्या गाढविणीला त्यातून पिल्लू होतं का ते पाहायचं, हे काम हरिदासरावांकडे आलं. आयुष्यभर घोड्यांचं वीर्य गोठवलेला हा माणूस. निवृत्ती जवळ आली होती आणि एक हलारी पिल्लू पाहून घरी जायचं, एवढीच त्यांची इच्छा होती.

गाझियाबादच्या सोसायटीत मात्र या कामाविषयी बोलायची सोय नव्हती. गणपतीत कोणी विचारलंच, तर भानुमतीबाई घाईघाईने सांगत, "ह्यांचं सेंट्रल गव्हर्न्मेंटमध्ये फ्रीझिंगचं असतं." परिणाम व्हायचा तो झाला.

"ठोसर भावजी, आमच्या फ्रीजमध्ये बर्फच धरत नाही हो," शेजारच्या हेमलतावहिनी म्हणाल्या.

हरिदासराव गेले, फ्रीजच्या मागची धूळ पुसून आले. खरं सांगण्यापेक्षा ते सोपं होतं. दुर्दैवाने फ्रीज सुरू झाला आणि मजल्यामजल्यावरून बोलावणी येऊ लागली.

केंद्रावर कलेक्टरचा कारभार सरकारी होता. समोर माजावर आलेली गाढवीण उभी केली, तरी हा तासभर कडुनिंबाकडे बघत राही. हरिदासरावांनी डाव्या कानाशी उभं राहून, "चला साहेब, उरकू या. लोक खोळंबलेत," असं आर्जवाने म्हटलं, की मगच काम व्हायचं. ते दिवाळीला रजेवर गेले तेव्हा मदतनीस विनयने हिंदीत विनवलं, हरियाणवीत शिव्या दिल्या, कान उपटले, गूळ पुढे केला. कलेक्टर ढिम्म.

"सरजी," विनयने फोनवर सांगितलं, "ये तो मराठी मीडियम का है."

तर वीर्य मिळे, गोठवलं जाई, बारीक नळ्यांतून नायट्रोजनच्या थंडीत जाऊन बसे. खरा घोटाळा नळी काढून कोमट पाण्यात धरल्यानंतरचा होता. मायक्रोस्कोपखाली पाहावं, तर शुक्रजंतू करोल बागेतल्या क्लासला निघालेल्या पोरांसारखे जिद्दीने पुढे धावताहेत. हरिदासराव खूश. पण चमेली नावाच्या गाढविणीत सोडलं, की निकाल शून्य. पूर्वपरीक्षेला सगळे पास, मुख्य परीक्षेला सगळे नापास!

केंद्राच्या प्रमुख डॉ. सलोनी खुराना यांनी उपाय काढला. "हरिदासजी, घोड़ी में ट्राय कीजिए ना."

केलं. घोड्या पटापट गाभण राहिल्या. तेच वीर्य, तीच नळी, तेच हरिदासराव. मॅडमनी पेढे मागवले.

"पण मॅडम, यांना खेचरं होणार," हरिदासराव पेढा हातातच धरून म्हणाले. "खेचरांना पुढे पिल्लं होत नाहीत. वंश तिथेच संपला."

"अरे यार, प्रेग्नन्सी तो है ना? ऊपर वही पूछते हैं."

हरिदासरावांनी घरी येऊन हे सांगितलं, तेव्हा भानुमतीबाई भाजी निवडत होत्या. "म्हणजे त्याचं सगळ्यांशी जमतं, फक्त स्वतःच्या बायकोशी जमत नाही," त्या म्हणाल्या. "आपल्या सोसायटीत आहेत की असे दोन-तीन."

हसून झाल्यावर हरिदासराव वाचत बसले. कारण हळूहळू उमगलं. गोठवताना वीर्यात घालतात ते ग्लिसरीन घोड्याच्या मापाने घातलं, तर घोडीला चालतं, गाढविणीला मानवत नाही. शिवाय गोठवण्याआधी ते ज्या मूळ पाण्यात पोहत असतात, ते काढून टाकलं जातं. म्हणजे नवरदेवाला वऱ्हाडाशिवाय एकटंच पाठवायचं! गाढविणीच्या गर्भाशयाला तो चोर वाटतो. आत सूज येते, मारझोड होते, नवरदेव संपतो. हरिदासरावांनी ग्लिसरीन उतरवलं आणि ते मूळ पाणी वेगळं जपून, नळीतलं वीर्य वितळल्यावर पुन्हा मिसळायचं ठरवलं.

आणि त्याच हिवाळ्यात कलेक्टर कडुनिंबाकडे बघायला लागला तो बघतच राहिला. हरिदासरावांनी कानात सगळं सांगून पाहिलं. बदलीच्या बातम्या सांगितल्या, साहेब म्हटलं, महाराज म्हटलं. त्याने फक्त त्यांच्या खांद्यावर हनुवटी टेकली. म्हातारपण आलं होतं. नव्या पद्धतीने गोठवलेल्या थोड्याच नळ्या हाती होत्या, आणि मॅडमनी त्या घोड्यांसाठी नेमून टाकल्या होत्या.

"मॅडम, एकदा चमेलीला. एकदाच."

मॅडम वाईट नव्हत्या. त्यांनी खिडकीबाहेर पाहिलं, पेन खाली ठेवलं. "एक बार. फिर मत बोलिएगा."

त्या सकाळी हरिदासरावांनी पाण्याचं तापमान पुन्हा पुन्हा तपासलं. मूळ पाण्याची कुपी शर्टाच्या आत, छातीशी धरून आणली. विनयने चमेलीचं शेपूट बाजूला धरलं.

सोनोग्राफीच्या पडद्यावर काळा ठिपका दिसला. गोल, मुगाएवढा. हरिदासरावांनी तो विनयला दाखवला, मॅडमना दाखवला, फोनवर फोटो काढून घरी नेला.

"अहो, खरंच राहिलं?" भानुमतीबाईंनी चष्मा लावला. "मग डोहाळजेवण करायचं का तिचं? झोपाळ्याला नाही पेलायची ती, पण हिरवी साडी देते."

त्यांनी शिरा केला. हेमलतावहिनींना वाटी देताना कारण काय सांगावं कळेना, म्हणून म्हणाल्या, "ह्यांचं ऑफिसात एक काम झालं."

पुढच्या तपासणीला ठिपका नव्हता. हरिदासरावांनी यंत्र बंद करून पुन्हा लावलं. चमेलीला दुसऱ्या अंगाने उभं केलं. मग मॅडम स्वतः बसल्या, बराच वेळ शोधत राहिल्या.

"होता है, हरिदासजी," त्या अगदी हळू म्हणाल्या. "किसी की गलती नहीं है."

तेच तर अवघड होतं. कोणाची चूक असती, तर सुधारता आली असती. ग्लिसरीन आणखी उतरवायचं होतं का, पाणी जास्त मिसळायचं होतं का, हे पाहायला पुन्हा वीर्य हवं होतं; आणि कलेक्टर आता उन्हात उभा राहून डोळे मिटत होता. हरिदासराव डबा उघडून त्याच्यापुढे धरत. तो भाजीसुद्धा नुसती हुंगे.

फेब्रुवारीत एका दुपारी तो बसला तो उठला नाही. उरलेल्या नळ्या ठरल्याप्रमाणे घोड्यांना गेल्या. त्या कोमट पाण्यात धरायचं काम हरिदासरावांचंच होतं. त्यांनी ते नीट केलं, कारण वाईट करणं त्यांना येत नव्हतं.

कलेक्टरच्या नावावर आज सहा खेचरं आहेत. गाढव एकही नाही.