टायबेररावांची सोसायटी

आमच्या मंडळात नाणं एकच, पण किस्से पोतंभर! नाणं मुठीत मावतं. किस्से सांगायला बसलं की चहावर चहा होतो अन् शेवटी घरून फोन येतो, "येताय का तिथंच अंथरूण पाठवू?" मुद्दाम कुणी साठवले नाहीत. रिकामटेकडी माणसं एकत्र बसली की हे आपोआप साचतं.

रिकामटेकडे आम्हाला दुष्काळानं केलं. मी माजलगावकडच्या एका सहकारी साखर कारखान्यात लॅब केमिस्ट. धरण आटलं, ऊस वाळला, उरलासुरला छावणीतल्या जनावरांनी खाल्ला अन् कारखान्याचा भोंगा बंद पडला. मग काय, उठलं की रहीमभाईच्या घड्याळ दुरुस्तीच्या दुकानात! तिथं कारखान्याचे माजी संचालक अप्पा असायचे. बागायतदार माणूस, पण बागेतच पाणी नाही. अन् असायचे वाघमारे सर, हायस्कूलला इतिहास शिकवून रिटायर झालेले.

सरांना एकच नाद, रोमचा बादशहा टायबेरियस! "येशू ख्रिस्ताला क्रुसावर चढवलं तवा गादीवर हाच होता. ह्याच्या शिक्क्याची चांदीची नाणी जहाजानं आपल्या मुलखात यायची. आपल्या तेर गावच्या जुन्या बाजारपेठेत फिरली असतील!" सगळी नोकरी पुस्तकातली चित्रं दाखवण्यात गेली, खरं नाणं कधी हाताला लागलं नाही. "एकदा खरं हातात घ्यायचंय, बस्स," असं म्हणताना त्यांचा आवाज बारीक व्हायचा. लई वाईट वाटायचं.

अप्पांनी मात्र टायबेरियसचं लगेच टायबेरराव करून टाकलं. "राजा माणूस. त्याला नुसतं नावानं कसं हाक मारायची?"

*

धरण आटल्यावर पाण्याखाली गेलेल्या गावांच्या भिंती उघड्या पडल्या. सर म्हणले, "चला, बघू." मी म्हणलं, "नाणं सापडलं तर?" "तहसीलला जमा करायचं. कायदाच हाय. पण आधी पाच मिन्टं मी हातात धरणार!"

खोरी-टोपल्या घेऊन गेलतो. सकाळभर उकरून सायकलची घंटी सापडली, ती पण वाजत नव्हती. तेवढ्यात धुरळा उडवत तहसीलची जीप आली. साहेब खाली उतरले. "काय चाललंय?"

आमची बोबडी वळली. पण अप्पा पडले राजकारणातले! टोपली डोक्यावर घेऊन म्हणले, "गाळ काढतोय, साहेब. श्रमदान!"

साहेबांनी तिथंच अप्पांचा हात हातात घेतला. दुसऱ्या दिवशी शाल, नारळ, फोटो, अन् "ह्या चौघांचा आदर्श घ्या" म्हणून आसपासची गावंच्या गावं खोरी घेऊन हजर! आता मागं कसं सरायचं? पुढं कितीतरी दिवस आम्ही खरोखरचा गाळ उपसला. माझ्या हाताला फोड आले, रहीमभाईची कंबर धरली. सर तेवढे खुश. प्रत्येक टोपलीत वाकून बघायचे.

*

वडवणीच्या आठवडी बाजारात एक जण जुनी नाणी विकतो असं कळलं. गेलो. सरांनी त्याच्या कानाशी लागून हळूच विचारलं, "टायबेरियस हाय का?"

तो मोठ्यानं म्हणला, "हाय की! किती किलो देऊ?"

सर जाऊन लिंबाखाली बसले. इकडं अप्पांची घासाघीस सुरू झालेली. "जरा कमी कर की बे. अर्धा किलो घेतो."

मी बाही ओढली. "अप्पा, खोटी हायत ती!"

"म्हणून तर म्हणतो! खोट्याला एवढा भाव कावून?"

*

शेवटी ठरलं, पुण्याला नाण्यांचं प्रदर्शन भरतं, तिथून रीतसर बिल घेऊन आणायचं. एकट्याच्यानं होणार नव्हतं, म्हणून वर्गणी काढली. आता आपल्याकडं दोघांनी मिळून शेळी घ्यायची म्हणली तरी आधी चेअरमन निवडतात! नाणं राहिलं पुण्यात, इकडं सोसायटी उभी राहिली. अप्पा चेअरमन, रहीमभाई व्हाइस चेअरमन, सर सचिव.

"अन् मी?"

"तू सभासद," अप्पा म्हणले. "कुणीतरी जनता लागतीच की!"

सर पुण्याला गेले. दिवसभर भिंग लावून बघितलं, एक पसंत केलं, काड्यापेटीत घालून आतल्या खिशात ठेवलं अन् एसटीत छातीवर हात ठेवून बसले. नगरच्या पुढं शेजारच्या बाईला राहवेना. "गुरुजी, लई दुखतंय का? गाडी थांबवू का?"

दुकानात काड्यापेटी उघडली तर आतून टायबेरराव बाजूला तोंड करून बसलेले, नाक मोठं, मान ताठ. सरांनी ते तळहातावर घेतलं अन् त्यांच्या डोळ्यांतून पाणीच आलं. खरं का खोटं हे विचारायचं पण कुणाच्या मनात आलं नाही. सर म्हणले खरं, म्हणजे खरं!

*

नाणं महिन्याला एकेकाच्या घरी राहायचं. दिवाळीचा महिना अप्पांचा. पाडव्याला आम्ही फराळाला गेलो, बघतो तर टायबेरराव देव्हाऱ्यापुढं पाटावर! हळद, कुंकू, अक्षता, वर झेंडूचं फूल.

सरांनी कपाळावर हात मारला. "वहिनी, अवो हा रोमचा बादशहा हाय!"

"असंल की," अप्पांच्या मंडळी म्हणल्या. "लक्ष्मीपूजनाला कुठला पैसा परका असतो व्हय? अन् म्हणलं, पावसाचं ह्यालाच साकडं घालावं. आपल्या समद्या देवांना सांगून झालंय!"

सर कापसानं हळूहळू कुंकू पुसत बसले. नाकावरचं काही जाईना. पुसता पुसता त्यांनी नाणं उभं धरलं, कडेला भिंग लावलं अन् तीच कड परत परत फिरवून बघू लागले. चकली तशीच राहिली ताटात.

*

दुसऱ्या दिवशी सर माझ्या लॅबमध्ये. तिची किल्ली अजून माझ्याकडंच होती. "कडेला बारीक रेघ दिसती रे. खरं नाणं ठोकून पाडलेलं असतं, त्याला सांधा नसतो. सांधा असतो तो साच्यात ओतलेल्याला. तुझा काटा बारीक हाय, वजन कर."

करत होतो, तेवढ्यात आमचे चीफ केमिस्ट दारात!

"काय तोलतोय?"

"रस, साहेब," माझ्या तोंडून सवयीनं गेलं.

"कारखाना बंद हाय. रस आला कुठून?"

सर शांतपणे म्हणले, "रोमहून."

साहेबांनी दोघांकडं बघितलं अन् निघून गेले. दुष्काळानं माणसं कशी झालीत, असं त्यांना वाटलं असणार. पुस्तकात दिलंय त्यापेक्षा वजन जरा कमीच भरलं. मी म्हणलं, "झिजलं असंल." सरांनी नुसतं नाणं उचललं.

*

त्यानंतर सर दुकानात येईनासे झाले. घरी गेलो तर म्हणले, "घास उतरत नाही. तुमी माझ्या शब्दावर पैसे दिले. मी तुमाला फसवलं का, तेवढं मला कळू द्या." आम्ही परोपरीनं सांगितलं, जाऊ द्या, आमचं काही म्हणणं नाही. ऐकतील तर शपथ! त्यांनी ओळख काढून पुण्याचे एक तज्ज्ञ बोलावले.

पाहुणे येणार म्हणल्यावर अप्पांनी त्याची सर्वसाधारण सभाच करून टाकली. दुकानातली घड्याळं बाजूला सारून सतरंजी अंथरली. पाहुण्यांना टँकरचं पाणी गाळून दिलं. त्यांनी नाणं उलटसुलट केलं, कड बघितली, भिंग खाली ठेवलं.

"सर, सॉरी. नक्कल फार सुंदर आहे. पण ओतीव आहे."

रहीमभाईनं मान खाली घातली. सर उभे राहिले. चेहरा पार उतरलेला. "चूक माझी हाय. तुमचा पैसा मी बुडवला. सचिवपदाचा राजीनामा देतो, अन् उद्यापासून तोंड दाखवणार नाही."

मला तर रडूच यायला लागलं. अप्पांनी घसा खाकरला.

"राजीनामा नंतर बघू. आधी ठराव मांडतो. सदरचं नाणं खरं हाय."

"अनुमोदन!" रहीमभाई.

पाहुणे गडबडले. "अहो, असं मतदानानं कसं..."

"सभा चालू हाय, पाहुणे," अप्पा म्हणले. "विरोधात कोण?"

सरांनी हात वर केला. सरळ, ताठ. डोळे भरलेले, पण हात हलला नाही.

"एक. बाजूनं?"

रहीमभाईचा हात वर गेला. माझा गेला. अप्पांनी स्वतःचा केला. सर आमच्याकडं बघतच राहिले. अन् मग, भिंग तसंच मांडीवर ठेवून, पाहुण्यांनी पण सावकाश हात वर केला.

अप्पांनी डोळे वटारले.

"ओ पाहुणे, हात खाली घ्या! तुमी सभासद न्हाईत."