तात्यांनी विचारलेला रंग

लेकीला पहिला संशय आला तो सांडशीवरून. तात्यांचा हात सांडशीच्या वीतभर अलीकडे पडला, रिकामाच चाचपडला, आणि मग काही झालंच नाही अशा थाटात त्यांनी ती उचलली. समोर शाळेची पोरं दाटीवाटीने उभी होती. तापल्या सळईचा आकडा कसा वळवतात ते बघायला आलेली.

या कार्यक्रमावर तात्यांचा भारी जीव. सगळा जन्म लोहारकीत गेला. आता नव्या पोरांच्या हाती हातोडा द्यायचा, एवढाच ध्यास. लेक भट्टीचा पंखा फिरवायची.

"सांगा बरं, रंग कसा आलाय?" सळई निखाऱ्यांत खुपसून तात्यांनी विचारलं.

"केशरी!" पोरं ओरडली.

"शाब्बास!"

मागच्या तुकडीलाही त्यांनी हेच विचारलं होतं. लोकांना वाटायचं, काय छान शिकवतात! लेकीला मात्र आज उमगलं. तात्या परीक्षा घेत नव्हते. ते खरोखरच विचारत होते.

दुसरी सळई आत गेली. "आणि हिचा?"

"लालच आहे अजून!" मागून कुणीतरी थट्टेने म्हणालं. खसखस पिकली.

तात्या थांबून राहिले. सळई पांढरीफटक पडली, तिच्यातून ठिणग्या फुटू लागल्या. लेक "तात्या, नको!" म्हणेपर्यंत ती ऐरणीवर आली आणि हातोडा बसला. जळक्या लोखंडाचा टवका उडाला, पुढच्या मुलीच्या वेणीला चाटून भिंतीवर आदळला. केस करपल्याचा वास सुटला. आता कुणी हसत नव्हतं.

मुलं गेल्यावर लेकीने विचारलं, "कधीपासून?"

"डावा केव्हाच गेला. उजव्याला नुसता उजेड कळतो."

"मग बोलला का नाहीत?"

"तू भट्टी विझवली असतीस."

डोळ्यांचे डॉक्टर म्हणाले, "झळांनी मोतीबिंदू पिकलेत. उजव्याचं ऑपरेशन करू. डाव्याचा भरवसा नाही." मग त्यांनी मान वळवली. "तुम्हीही तिथेच असता का?"

लेकीने ऑपरेशनची तारीख विचारली.

वेणीवाल्या मुलीला घरच्यांनी पुन्हा पाठवलं नाही. बाकीची आली. तात्या डोळ्याला पट्टी बांधून दाराशी बसले, लेक ऐरणीशी उभी राहिली. सगळ्यांना काळे चष्मे वाटून तिने बजावलं, "आगीत टक लावून बघायचं नाही."

"आणि तुम्ही, ताई?" एका मुलीने विचारलं.

"मला बघावंच लागतं गं."

ती भट्टीकडे वळली. निखाऱ्यांभोवती तिला हल्ली एक धूसर कडं दिसायचं. तिने डोळे चोळले. कडं गेलं नाही.