मामांचा इटालियन आनंद

रोहा तालुक्यात इटालियन भाषेत आनंदी होणारा एकच माणूस आहे आणि तो माझ्या बायकोचा मामा आहे. तरुणपणी मामा एका इटालियन प्रवासी जहाजाच्या भटारखान्यात कांदे कापायला होते. जहाजावरून लोक घड्याळं आणतात, अत्तरं आणतात. मामांनी शुभेच्छा आणल्या आणि त्या अजून संपायचं नाव घेत नाहीत. मराठी त्यांनी तक्रारीसाठी राखून ठेवली आहे. आमटीत मीठ कमी, वीज गेली, गाडी लेट, हे सगळं चोख मराठीत. पण बरं वाटलं रे वाटलं की स्वारी इटालियनमध्ये शिरते. दिसायला छान असेल तर 'के बेल्लो', चवीला छान असेल तर 'बुओनो', आणि लग्न, बारसं, नवा पंखा, कशालाही 'आउगूरी', म्हणजे शुभेच्छा.

दरवर्षी गणपतीची मूर्ती न्यायला ते आमच्याकडे पेणला येतात. एकदा कारखान्यातून मूर्ती उचलताना हात वर करून त्यांनी आरोळी ठोकली, "तांती आउगूरी!", म्हणजे खूप खूप शुभेच्छा. आजूबाजूच्या माणसांनी क्षणाचाही विचार न करता "मोरया!" म्हणून साथ दिली. तेव्हापासून हा प्रघातच पडला. माझ्या लग्नात मात्र त्यांनी कहर केला. तिकडे अभिनंदन करताना गालाला गाल लावून मुके घेतात म्हणे. माझे वडील गडब गावचे शेतकरी, त्यांना कुणी खांद्यावर हात ठेवलेलाही खपत नाही. मामांनी भर मांडवात त्यांचे दोन्ही गाल गाठले. अल्बममध्ये वडील अजून गाल धरून उभे आहेत.

सगळ्यात मोठा गोंधळ झाला माझा मेहुणा डोलवीला कंपनीत इंटरव्ह्यूला निघाला तेव्हा. मामा दारात आडवे उभे राहिले आणि म्हणाले, "इन बोक्का अल लूपो!" सासूबाईंनी अर्थ विचारला. मामांनी अभिमानाने सांगितला, "लांडग्याच्या तोंडात जा!"

"अरे मेल्या, पोरगा पयल्यांदा कामाला चाललाय नि त्याला लांडग्याच्या तोंडात घालतोस?" सासूबाई कडाडल्या. मामांनी समजावलं, की कठीण कामाला जाणाऱ्याला तिकडे असंच म्हणतात, आणि त्याने 'क्रेपी', म्हणजे 'मरू दे लांडगा', असं उत्तर द्यायचं असतं. मेहुण्याने ते उत्तर देईपर्यंत मामा दारातून हलले नाहीत. नोकरी लागली. श्रेय अर्थातच लांडग्याचं.

या सगळ्यात सुकून गेल्या त्या मामी. "माझं जेवान ह्यांना इटालियनमंदीच आवडतं," त्या एकदा मला म्हणाल्या. "येवढा संसार झाला, पन 'बरं झालंय गो', येवढंसुद्धा मराठीत नाय ऐकलं." त्या हसत होत्या, पण मला ते हसणं काही सोसलं नाही. मी मामांना सरळ विचारलं. त्यांनी बराच वेळ पान जुळवण्यात घालवला.

"जावई, मराठीत लाज वाटते हो," ते म्हणाले. "मराठीत बोललं की समोरच्याला कळतं ना!"

गेल्या वर्षी मामांच्या छातीत दुखलं आणि पनवेलला ऑपरेशन ठरलं. सकाळी वॉर्डबॉय स्ट्रेचर घेऊन त्यांना न्यायला आले. मामांकडे त्या दिवशी एकही आउगूरी शिल्लक नव्हती. मग मामी पुढे झाल्या, पदर सावरला, आणि इतकी वर्षं ज्या भाषेवर दातओठ खाल्ले त्याच भाषेत अडखळत म्हणाल्या, "इन बोक्का... अल लूपो."

मामांनी 'क्रेपी' म्हणायचं होतं. आम्ही सगळे वाट बघत होतो. मामांनी मामींचा हात धरला. "येतो गो," ते म्हणाले. "तुझ्या हातची आमटी लय चांगली असते. ती खायला येतो." स्ट्रेचर आत गेलं तरी मामींचा हात तसाच पुढे होता.

मामा आले. आता आमटी डॉक्टरांच्या हुकमाने अळणी असते, आणि मामा पहिला भुरका मारून खुशाल 'बुओनो' म्हणतात. परवा मी न राहवून मामींना विचारलं, की पुन्हा इटालियनच सुरू झालं, तुम्हाला वाईट नाही वाटत?

"वाटतं कदी कदी," मामी वाटीत आणखी एक पळी घालत म्हणाल्या. "पन बोलू दे. आता मला अर्थ ठावा हाय."