अर्थिंगला घातलेलं पाणी

आधीच सांगून टाकतो, लिंबू-मिरची मला फक्त ताटात मान्य आहे. भूत, भानामती, अंगात येणं... कुणी असलं काही सांगायला लागलं की मी पहिले विचारतो, "प्लग नीट बसलाय का?" हिंगोलीत आमच्या गल्लीत मी त्यासाठीच बदनाम आहे. अ‍ॅम्प्लिफायर जोडणं, खोलणं, पुन्हा जोडणं हा माझा छंद. बायकोच्या भाषेत, घरभर वायरींचं जंगल.

तर... गेल्या उन्हाळ्यात साखऱ्याहून आत्या आली. आमची आत्या म्हणजे तिकडच्या लग्नांतला हळदीचा आवाज. नवरीला हळद लागताना ओव्या म्हणायच्या त्या तिनेच. पण घशाचं ऑपरेशन झालं नि आवाज गेला, उरली नुसती कुजबुज. आणि आता सख्ख्या नातीचं लग्न ठरलेलं! माझ्याकडे तिच्या ओव्यांची एक जुनी कॅसेट होती, मीच एका लग्नात भरलेली.

"मोबाईलमधी घालून दे," आत्या कानाशी येऊन कुजबुजली. "माझ्या नातीला दुसऱ्या बाईच्या ओव्या नको."

मी ऐटीत टेपडेक लावला, बटण दाबलं. आणि... घूंऽऽऽ! त्या घरघरीखाली ओवी पार गाडली गेली.

"माझा आवाज कुठं हाय?" आत्या म्हणाली. "ही तर गिरणी चालून राहिली."

वायरी बदलल्या. डिशची केबल उपटली. फ्रिज बंद केला, त्यावरून बोलणी खाल्ली. प्लग दुसऱ्या बोर्डात लावला. घरघर तशीच! फक्त अ‍ॅम्प्लिफायरच्या पत्र्यावर हात ठेवला की ती जरा दबायची. मी टाळीच वाजवली. "अर्थिंग!"

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी... परसात खड्डा करून, कोळसा-मीठ घालून लोखंडी पाइप पुरतात आणि घरातल्या वायरिंगची एक तार त्याला जोडतात. माती ओली असली तर काम बराबर होतं. म्हणून आमचे वडील रोज आंघोळ झाली की त्यात तांब्याभर पाणी ओतायचे. ते गेले, ती सवयही गेली. माती वाळून खडक झालेली.

हे व्याख्यान मी रंगात येऊन देतोय, तोवर आत्या उठून परसात! पाइपाला तांब्याभर पाणी घातलं, हळद-कुंकू लावलं, वर हातही जोडले.

"आत्या, अगं तो देव न्हाई, पाइप हाय!"

"दादा घालायचा ना पाणी? मंग! तू गुमान बटण दाब."

दाबलं. घरघर बंद! इतकी शांतता, की कॅसेटची चाकं फिरलेली ऐकू यावीत. आणि त्यातून आत्याचा तरणा आवाज उठला... खणखणीत. आत्या तोंडाला पदर लावून बसून राहिली.

मी ओव्या मोबाईलमध्ये उतरवून घेतल्या आणि वर सगळ्यांना ऐकवलं, "माती ओली झाली, घरघर गेली. सायन्स आहे!"

साखऱ्याच्या मांडवात स्पीकरवर त्या ओव्या लागल्या. आत्या नातीच्या गालाला हळद लावत होती, नुसते ओठ हलवत. मागची एक म्हातारी शेजारणीला म्हणाली, "हिचा तर आवाज गेला म्हणत होते ना वं?"

हिंगोलीला परतलो, सहज डेक लावला. घूंऽऽऽ!

तांब्या ओतला. बादली ओतली. काही फरक नाही. बायको दारातून म्हणाली, "अहो, हळद-कुंकू राहिलं की!" ती भाजीला गेल्यावर, कुणाला सांगू नका, तेही वाहून पाहिलं. घूंऽऽऽ!

शेवटी वायरमनला बोलावलं. त्याने पाइपाची तार धरून भिंतीचं प्लास्टर फोडलं... तर आत तारेचं टोक मोकळं! गंजलेलं, तुटलेलं.

"काका, मागं बोर्ड बदलला तवाच तोडली असंल कुणीतरी," तो म्हणाला. "हा पाइप कशालाच जोडलेला न्हाई."

बोर्ड बदलला तेव्हा वडील होते. म्हणजे तेही कित्येक दिवस नुसत्या लोखंडालाच पाणी घालत होते की काय? शेजाऱ्यांच्या मोटरनेही घरघर येते, म्हणून मी चौकशी केली, आत्याने पाणी घातलं त्या वेळी तुमची मोटर बंद झाली होती का? तर त्यांची मोटर कधीची जळून पडलेली. व्होल्टेज म्हणावं, तर नेमकं त्याच क्षणी कसं?

आत्याला फोन करून सगळं सांगितलं. पलीकडून कुजबुज आली...

"मंग म्या पाणी कुणाला घातलं रे?"

गावभर प्लग तपासत फिरणारा मी, फोन ठेवून पुन्हा त्या पाइपाजवळ जाऊन उभा राहिलो. तुमच्यात कुणी जाणकार असेल तर सांगा, मी मनापासून ऐकेन.

आता नवं अर्थिंग झालंय, घरघर संपली. जुना पाइप मात्र मी उपटू दिला नाही. आंघोळ झाली की तांब्याभर पाणी घेऊन परसात जातो.

"सायन्स का?" बायको विचारते.

"झाडाला घालतोय," मी म्हणतो.

तिथे झाड नाही.